दोन शिखरांमधली दरी

सिकलसेल आजारावरील लेखानंतर एका शिक्षक वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या पुतणीच्या रक्ताच्या रिपोर्टवर डोंगरांसारखा आलेख छापलेला आहे. तो पाहून तेथील डॉक्टर म्हणाले, "रिझोल्यूशन चांगले आले आहे, शंकेला जागा नाही." शिक्षक महाशय लिहितात, "टीव्हीच्या दुकानात रिझोल्यूशन हा शब्द ऐकला होता. तो रक्तात कोठून आला?"

प्रश्न मला फार आवडला. याचे एक कारण खासगी आहे, ते पुढे सांगतो. दुसरे असे की, मधुमेहींची 'तीन महिन्यांची साखर' असो, थॅलेसेमियाची तपासणी असो किंवा मुलांच्या खोकल्याच्या औषधातील भेसळ असो, या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच शब्द आहे. रिपोर्ट हातात घेणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही तो कोणी समजावून सांगत नाही.

आधी एक घरगुती प्रयोग करू. शाळेचा पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने खडूभोवती एक बारीक रेघ ओढा. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे हवे. बशीत थोडेसे पाणी घेऊन खडू उभा ठेवा. पाणी रेघेच्या खालीच राहिले पाहिजे. खडू पाणी शोषू लागेल, पाणी वर चढेल आणि काळी शाई फुटू लागेल. कोठे निळा, कोठे गुलाबी, कोठे पिवळा असे पट्टे वेगळे दिसतील. जो रंग पाण्याला अधिक धरून राहतो तो वर जातो, ज्याला खडूची ओढ अधिक तो मागे रेंगाळतो. रसायनांचे मिश्रण अशा रीतीने वेगळे करण्याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मराठीत 'वर्णलेखन' असा शब्द आहे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे ही पद्धत प्रथम मांडली. काचेच्या नळीत खडूचीच पूड भरून त्याने झाडाच्या पानांतील हिरवे-पिवळे रंग वेगळे केले होते. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' याचा अर्थच रंग!

आता तोच प्रयोग दुसऱ्या खडूवर करा, पण रेघ जाड, चांगली करंगळीएवढी ओढा. रंग याही वेळी वर चढतील, परंतु निळ्याचा शेवट कोठे आणि गुलाबीची सुरुवात कोठे हे सांगता येणार नाही. मध्ये जांभळा चिखल होईल. रंग तेच, खडू तसाच, पाणी तेच, तरीही ते वेगळे झाले असे म्हणता येत नाही. पहिल्या खडूचे रिझोल्यूशन चांगले आणि दुसऱ्याचे वाईट. पुस्तकी मराठीत याला 'विभेदन' म्हणतात.

म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या असतात. दोन पट्टे एकमेकांपासून किती लांब गेले ही एक, आणि प्रत्येक पट्टा स्वतः किती पसरला ही दुसरी. आपण बहुतेक जण पहिलीच पाहतो. शाळेची प्रभातफेरी आठवा. पाचवीचा वर्ग पुढे आणि सहावीचा मागे. दोन्ही वर्गांच्या मॉनिटरांमध्ये चांगले पन्नास पावलांचे अंतर आहे. पण पाचवीची मुले रेंगाळली आणि सहावीची पुढे पळाली, तर चौकात उभ्या माणसाला एकच गर्दी दिसते. उलट अंतर वीसच पावलांचे असले आणि दोन्ही वर्ग शिस्तीत, दाटीने चालले, तर आंधळासुद्धा पावलांच्या आवाजावरून सांगेल की एक वर्ग गेला, आता दुसरा आला.

प्रयोगशाळेत खडूच्या जागी एक छोटी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. तिच्यात अतिशय बारीक कण ठासून भरलेले असतात. रक्ताचा थेंबभर पातळ केलेला नमुना आत सोडतात आणि पंपाच्या दाबाने त्यामागून द्रव ढकलतात. जो घटक बाहेर पडेल त्याची नोंद यंत्र घेते आणि कागदावर शिखर उमटवते. या पद्धतीचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, रिपोर्टवर 'एचपीएलसी' एवढेच लिहितात. लॅबमधील मुले शिखराला 'पीक' म्हणतात. आमच्या तंत्रज्ञाने एकदा एका शेतकरी रुग्णाला "तुमचे पीक चांगले आले आहे" असे सांगितले, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "कशाचं चांगलं साहेब, पाऊसच नाही."

शिखरांचे विभेदन मोजण्याचे गणित सातवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. दोन शिखरे किती मिनिटांच्या अंतराने आली ते पाहा व त्याची दुप्पट करा. मग दोन्ही शिखरांच्या पायाची रुंदी मिनिटांत मोजून त्यांची बेरीज करा. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. आलेला आकडा म्हणजे रिझोल्यूशन. तो १ आला, तर सारख्या उंचीच्या दोन शिखरांपैकी प्रत्येकाचा सुमारे दोन टक्के भाग शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. दीड आला, तर मधली दरी जवळजवळ जमिनीला टेकते आणि घुसखोरी अर्ध्या टक्क्याचीही राहत नाही. म्हणून मोजमापाच्या कामात दीड हा आकडा पुरेसा मानतात. एकाच्या बराच खाली गेला, तर दोन शिखरांचा एकच डोंगर होतो. यंत्र निर्जीव असते. ते त्या एका डोंगराला एकच नाव देऊन मोकळे होते.

माझ्या हातून नेमके हेच झाले होते.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात सिकलसेल तपासणीचे शिबिर होते. मी रक्त तपासत होतो. सिकलची पहिली चाचणी अगदी साधी असते. एका द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात, सिकलचे हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते. एका मुलीचे द्रावण गढूळ झाले. तिचे रक्त मी माझ्या लॅबमध्ये आणून विजेच्या पट्टीवर, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसवर चालवले. ही पद्धत वर्णलेखनाची चुलत बहीण आहे. तेथे द्रवाच्या जोरावर नव्हे, तर विजेच्या ओढीने घटक वेगळे होतात. विभेदनाचा प्रश्न मात्र तोच. पट्टीवर दोन पट्टे आले. एक नेहमीच्या 'ए' हिमोग्लोबिनचा आणि दुसरा अगदी सिकलच्या म्हणजे 'एस'च्या जागी. मी 'सिकलसेल वाहक' असे लिहून सही केली.

मुलीचे वडील भेटायला आले. त्यांची लाकडाची वखार होती, फाळणीच्या वेळी त्यांचे वडील पंजाबातून इकडे आलेले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात, नात्यात हा आजार कधी कोणी ऐकला नाही." मी त्यांना समजावले की, वाहकाला त्रास नसतो म्हणून पिढ्यान्पिढ्या कळत नाही. हे वाक्य खरे आहे, आणि त्या दिवशी ते मला विचार करण्यापासून वाचवायला उपयोगी पडले. मुलीचे लग्न ठरलेले होते. मुलाचे रक्त तपासले, ते निर्दोष निघाले. मी दोन्ही घरांना बजावून सांगितले की, लग्नाला काहीच हरकत नाही, फार तर काही मुले वाहक होतील. पण 'सिकल' हा शब्द कानावर पडल्यावर पुढचे कोण ऐकतो? सोयरीक मोडली.

पुढे तिचे दुसरीकडे लग्न झाले. २००७ साली पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली, तेव्हा एक कागद घेऊन माझ्याकडे आली. नागपूरला तिच्या रक्ताची एचपीएलसी झाली होती. कागदावर एसच्या खणात काही नव्हते. 'डी' नावाच्या खणात ३६ टक्क्यांचे स्वच्छ, टोकदार शिखर उभे होते. ती म्हणाली, "डॉक्टरकाका, तो एस नव्हताच म्हणतात. मग तेव्हा तुम्हाला का दिसला?"

आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी आधी तिची माफी मागितली आणि मग मला ठाऊक होते तेवढे सांगितले. तेच येथे सांगतो.

हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. सिकलमध्ये एका माळेतील सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. 'डी-पंजाब' या हिमोग्लोबिनमध्ये त्याच माळेतील १२१ वा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी ग्लुटामीन येते. जागा वेगळी, नवा मणी वेगळा, परिणामही अगदी वेगळा. एकटा डी घेऊन फिरणाऱ्या माणसाला आयुष्यभर काही होत नाही. परंतु दोन्हींमध्ये गेलेला मणी ऋण विद्युतभाराचा आणि आलेला मणी भाररहित. म्हणून माझ्या त्या अल्कधर्मी पट्टीवर एस आणि डी सारख्याच वेगाने धावतात व एकाच जागी येऊन थांबतात. रिझोल्यूशन शून्य! पट्टी आम्लधर्मी माध्यमात चालवली असती, तर डी हा एसपासून वेगळा होऊन एच्या जागी गेला असता. ते सामान माझ्याकडे नव्हते. डीने द्रावण गढूळ व्हायला नको होते हेही खरे. शिबिर दुपारच्या जेवणानंतर होते. भरल्या पोटी रक्तात चरबी वाढलेली असली, तर द्रावण खोटेच गढूळ दिसते. बहुधा तसे झाले असावे. ती चाचणी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा करायला मला दहा मिनिटे लागली असती.

एचपीएलसीच्या कॉलममध्ये काय वेगळे होते? तेथे कणांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, हिमोग्लोबिन त्याला चिकटते आणि द्रवातील क्षार हळूहळू वाढवत नेले की सुटते. येथे नुसती भाराची बेरीज नव्हे, तर तो भार रेणूच्या अंगावर कोणत्या बाजूला व कसा पसरला आहे तेही कामाला येते. त्यामुळे डी आणि एस यांचे चिकटणे सारखे राहत नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका यंत्रावर डी साधारण ४.१ मिनिटांच्या सुमारास आणि एस ४.५ च्या सुमारास बाहेर पडतो. अंतर अवघे २४ सेकंदांचे.

हे २४ सेकंद पुरेसे आहेत की नाहीत, हे शिखरांच्या रुंदीवर ठरते. समजा प्रत्येक शिखराचा पाया पाव मिनिटाचा आहे. अंतराची दुप्पट ०.८, पायांची बेरीज ०.५, भागाकार १.६. उत्तम. आता कॉलम जुना झाला, कण खचले, नमुना जास्त घातला गेला आणि पाया ०.४ मिनिटाचा झाला, तर उत्तर १ येते. अंतर तेच, यंत्र तेच, पण पायथे एकमेकांत गुंतले. म्हणून चांगल्या लॅबमध्ये कॉलम ठरावीक नमुन्यांनंतर बदलतात आणि रोज सकाळी माहीत असलेला नमुना चालवून शिखरे जागेवर व टोकदार आहेत का ते पाहतात. यात पैसा जातो. तो वाचवण्याचा मोह कोठे कोठे होतो हे मी जवळून पाहिले आहे.

कॉलम लांब केला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण लांबी दुप्पट केली तर रिझोल्यूशन दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होते. वेळ मात्र दुप्पट लागतो, कारण नळीत जितका अधिक काळ राहावे तितके शिखर पसरतही जाते. त्यापेक्षा द्रवाची आम्लता, क्षार किंवा तापमान बदलून दोन घटकांच्या ओढीतला फरक वाढवणे अधिक गुणकारी. खडूच्या प्रयोगात पाण्याऐवजी थोडे स्पिरिट वापरून पाहा, रंगांचा क्रमसुद्धा बदलू शकेल.

तरीही एकाच यंत्राला सगळे वेगळे करता येत नाही. थॅलेसेमियाच्या वाहकात 'ए-२' नावाचे हिमोग्लोबिन साडेतीन-चार टक्क्यांच्या वर जाते, त्यावरून निदान होते. बंगाल, आसामकडील लोकांत आढळणारे 'ई' हिमोग्लोबिन याच यंत्रावर ए-२ च्याच खणात पडते. मग यंत्र 'ए-२: २८ टक्के' असे छापते. एवढे ए-२ थॅलेसेमियाच्या वाहकात नसते. जाणकार डॉक्टर आकडा पाहताक्षणी ओळखतो की हा ई आहे. नवशिका मात्र आकड्यावर विश्वास ठेवतो.

मधुमेहींच्या एचबीए१सी तपासणीतही हीच कथा आहे. साखर जिला कायमची चिकटली आहे ते हिमोग्लोबिन मोजायचे असते. त्याच्या अगदी शेजारी, साखर नुकतीच आणि सुटण्याजोगी चिकटलेले हिमोग्लोबिन येते. ही दोन शिखरे एक झाली तर दोन कप गोड चहाचाही हिशेब तीन महिन्यांच्या साखरेत धरला जाईल. पूर्वीच्या हाताने चालवायच्या छोट्या कॉलमांवर तर खोलीच्या तापमानानेही आकडा हलत असे. आता यंत्रे बरीच सुधारली आहेत, आणि कित्येक लॅबमध्ये ही तपासणी कॉलमशिवाय अन्य पद्धतींनीही होते. म्हणून दोन लॅबमधले आकडे थोडे वेगळे आले तर घाबरू नका, पण शक्यतो एकाच ठिकाणी तपासा. ज्याला सिकलसेलचा पूर्ण आजार आहे, म्हणजे रक्तात ए हिमोग्लोबिनच नाही, त्याने मात्र या आकड्यावर विसंबू नये. त्याच्यासाठी रक्तातील साखर वेळोवेळी मोजणे हाच मार्ग.

औषधांविषयी थोडेच सांगतो, पण ते महत्त्वाचे आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधील भेसळीमुळे १४ रुग्ण दगावले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. २०२२ साली गाम्बियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या औषधातून याच विषाने लहान मुलांचे बळी घेतले. ग्लिसरीनसारख्या कच्च्या मालात ते ०.१ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. ते शोधण्याची खात्रीची पद्धत म्हणजे वायूवर चालणारे वर्णलेखन. येथे अडचण अशी की, एका प्रचंड शिखराच्या आसपास एक इवलेसे शिखर शोधायचे असते. दीडचा हिशेब सारख्या उंचीच्या शेजाऱ्यांसाठी आहे. किल्ल्याच्या पायथ्याला बांधलेली झोपडी दिसायची तर ती तटापासून चांगली लांब हवी. त्यामुळे अशा तपासणीत त्याहून कितीतरी मोठे रिझोल्यूशन लागते. आणि मुळात तपासणी करावी लागते! जे. जे. च्या वेळी काय किंवा नंतर काय, विज्ञान अपुरे पडले नव्हते.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. डी निरुपद्रवी असला, तरी पतीच्या रक्तात एस असेल तर अपत्यात एस आणि डी एकत्र येऊन सिकलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून मी तिच्या पतीचे रक्त लगेच नागपूरला पाठवले. ते निर्दोष होते. त्याच दिवशी संध्याकाळी मी वखारीत जाऊन तिच्या वडिलांना भेटलो आणि माझी चूक सांगितली. त्यांनी चहा मागवला. मोडलेल्या सोयरिकीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढवला नाही. त्या आठवड्यात मी जुनी रजिस्टरे उघडून 'वाहक' म्हणून सही केलेली, पण शंका यावी अशी तीन नावे काढली. दोघांचे रक्त पुन्हा तपासून झाले. एकाचा एस खराच होता, दुसऱ्याचा डी निघाला. तिसरे कुटुंब गाव सोडून गेले होते, ते अद्याप सापडलेले नाही.

शिक्षक महाशयांना आता एवढेच सांगायचे राहिले की, पुतणीच्या रिपोर्टचा आलेख असलेला कागद टाकून देऊ नका, त्याची झेरॉक्स काढून ठेवा, कारण शाई पुसट होते. पुढे कोणत्याही डॉक्टरांना नुसता आकडा न दाखवता तो कागद दाखवा. तपासणीआधी तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते लॅबमध्ये आवर्जून सांगा, कारण मग शिखरे दात्याचीही दिसतात. आणि घरात आजवर कोणी न ऐकलेला आजार कागदावर आला, तर दुसऱ्या पद्धतीने तपासणी करून मागायला संकोच करू नका. डॉक्टर रागावले तरी चालेल.